टोमॅटोचा आधार बांधावरचाच असावा

आपल्याकडील जुनीं माणसें ज्याला बेलवांगें म्हणत, तो टोमॅटो आतां परसांतील हौसेपुरता राहिलेला नाहीं. जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव किंवा नाशिक जिल्ह्यांतील पिंपळगांव बसवंत व गिरणारे येथील बाजारांत ऐन हंगामांत जाऊन पाहावें, म्हणजे या फळानें आपल्या बागायतींत केवढें स्थान मिळविलें आहे हें तेव्हांच ध्यानीं येतें. या पिकाच्या बियाण्याविषयीं, खताविषयीं व औषधांविषयीं पुष्कळ लिहिलें आणि बोललें जातें. परंतु ज्या काठीवर तें सारें पीक उभें राहतें, त्या काठीचा विचार बाजारांतून ती आणण्यापलीकडे फारसा कोणी करीत नाहीं. ती काठी, ती दोरी व तो खांब शेतकऱ्यानें शक्य तितका आपल्याच बांधावर पिकवावा आणि आपल्याच खळ्यावर तयार करावा, असें आमचें मत आहे. त्याचीं कारणें व त्याची रीत या लेखांत क्रमानें मांडण्याचें योजिलें आहे.

टोमॅटोला वेल म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः तो वेल नव्हे. कारलें, दोडका, काकडी यांना आधार पकडणारे तंतु असतात. घेवड्याच्या वेलीचा शेंडा स्वतःच काठीला विळखा घालीत वर जातो. टोमॅटोपाशीं यांतलें कांहींच नाहीं. त्याचें खोड आरंभीं सरळ वाढतें आणि फळांचें ओझें येऊं लागलें कीं जमिनीवर लोळतें. म्हणून टोमॅटोशेजारीं नुसती काठी रोवून भागत नाहीं. त्याला वेळोवेळीं हातानें बांधावें लागतें. या पिकाच्या जातीहि दोन प्रकारच्या आहेत. कांहीं जाती ठराविक उंचीवर आपला शेंडा फुलोऱ्यांत संपवितात व झुडुपासारख्या राहतात. कांहीं मात्र सारख्या वाढत जातात. पहिल्या प्रकाराला कमरेइतक्या उंचीचा आधार पुरतो, दुसऱ्याला पुरुषभर उंचीचा लागतो. बियाणें घेतांनाच हा भेद विचारून घ्यावा, कारण काठीची लांबी, तिची जाडी व तिचा खर्च हीं सर्व त्यावरूनच ठरतात.

आधाराचा लाभ कोणता, हें पावसाळी टोमॅटो करणाऱ्यास सांगावयास नको. पावसाचे थेंब जमिनीवर आपटले म्हणजे उडालेली माती खालच्या पानांवर बसते, आणि तिच्याबरोबर करप्याचीं बीजें झाडावर चढतात. ओल्या जमिनीला टेकलेलें फळ सडतें. झाडें एकमेकांवर लोळलीं कीं आंतल्या पानांवरचें दंव दुपारपर्यंत वाळत नाहीं, व औषधाचा फवारा तेथवर पोंचत नाहीं. उभ्या बांधलेल्या पिकांत हवा खेळते, पानें लवकर सुकतात, खुरपणारा व तोडणारा माणूस ओळींतून फळें न तुडवितां जाऊं शकतो. कोरड्या हवेंतील, बुटक्या जातीचें आणि बेताच्या पाण्याचें पीक लोळवून घेतलें तरी निभतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पावसाळी पीक व उंच वाढणारी जात आधारावांचून घेणें म्हणजे पिकाचा मोठा भाग चिखलाला अर्पण करणें होय.

आतां हिशेबाकडे वळूं. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. दोन ओळींत ५ फूट व दोन रोपांत दीड फूट अंतर ठेविलें, तर एकरांत सुमारें ८,७०० फूट लांबीच्या ओळी व ५,८०० रोपें बसतात. ओळींत दर ६ फुटांवर एक काठी रोवावयाची म्हटली तर सुमारें १,४५० काठ्या लागतात, आणि एकेका काठीच्या वाट्याला चार झाडें येतात. ओळींच्या माथ्यावरून १६ गेजची एकच तार नेली तरी ती अदमासें ४३ किलो भरते. तीन पदरी नेली तर १३० किलो. याखेरीज ओळींच्या टोकांचे खांब, सुतळी आणि मजुरी वेगळी. वाचकांनीं हे आंकडे आपापल्या गांवच्या चालू भावानें गुणून पाहावे. आम्ही येथें रुपये मुद्दाम लिहीत नाहीं. भाव दर हंगामाला बदलतात, काठ्यांची संख्या बदलत नाहीं.

या खर्चाचें एक वैशिष्ट्य असें कीं तो पहिलें फळ तोडण्यापूर्वींच करावा लागतो, आणि पुढें भाव पडला तरी त्यांतील एक पैसाहि परत येत नाहीं. टोमॅटोचा भाव किती लहरी आहे हें २०२३ सालीं सर्वांनीं पाहिलें. त्या वर्षाच्या जुलै महिन्यांत शहरांच्या किरकोळ बाजारांत टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता. सप्टेंबरांत घाऊक बाजारांत तो इतका कोसळला कीं तोडणी व वाहतूक यांचा खर्च सुटेना, आणि कित्येकांनीं माल फेकून दिला. ज्यानें जुलैचा भाव पाहून लागण केली, त्याची तोडणी सप्टेंबरच्या भावांत सुरू झाली. काठ्या उधारीवर आणल्या असतील, तर त्या उधारीला मात्र सप्टेंबर ठाऊक नसतो. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण अशा वेळीं हंसण्यावारी नेण्याजोगी राहत नाहीं.

भाव शेतकऱ्याच्या हातांत नाहीं. संकरित बियाणें त्याला घरीं करतां येत नाहीं. औषध व वरखत विकतच घ्यावें लागतें. शेणखत वगळलें तर या पिकाच्या एकंदर खर्चांत घरीं पिकवितां येईल अशी मोठी बाब आधार हीच एक आहे. जी गोष्ट आपल्या हातांत आहे ती बाजाराच्या हातीं द्यावयाची, आणि जी नाहीं तिच्याविषयीं हळहळत बसावयाचें, हें शहाणपणाचें नव्हे.

दुसरें कारण पैशांहून मोठें आहे. नाशिक व पुणें जिल्ह्यांच्या पश्चिम भागांत टोमॅटोसाठीं बांबूबरोबर कारवीच्या काठ्याहि वापरण्याची चाल आहे. कारवी सह्याद्रीच्या उतारांवर दाट वाढते. ती साधारणतः सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते, बीं धरते आणि मरते. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांतून तिच्या काठ्यांचे कूड घालून वर शेणमातीचा लेप देण्याची रीत फार जुनी आहे. फुलोरा होऊन वाळलेली कारवी घराच्या कुडासाठीं नेली, तर डोंगराचें फारसें बिघडत नाहीं. परंतु मळ्यांना एकरीं हजार-दीड हजार काठ्या लागूं लागल्या म्हणजे फुलोऱ्याची वाट पाहत कोण बसणार? मग हिरवी कारवीच तुटते. जें झुडूप जन्मांत एकदांच बीं देतें, तें बीं धरण्याआधीं वारंवार तोडीत राहणें म्हणजे त्याचा पुढचा वंश खुडणें होय. उघडा पडलेला उतार चार महिन्यांच्या पावसांत माती सोडतो. ती माती ओढ्यांनीं धरणांत उतरते. आणि त्याच धरणाच्या पाटावर आपण टोमॅटो लावतों. शिवाय राखीव जंगलांतून परवानगीवांचून काठी तोडणें हा कायद्यानें गुन्हा आहे. काठ्यांची मोळी विकून चार पैसे मिळविणाऱ्या डोंगरांतल्या गरिबाला दोष देणें सोपें असतें. मागणी आपली आहे, हें मात्र आपण विसरतां कामा नये.

आधार पिकविण्याची कल्पना आपल्या शेतीला नवी नाहीं. पानमळा लावणारा शेतकरी नागवेलीच्या आधीं शेवरी, शेवगा, हादगा किंवा पांगारा लावतो, आणि त्यावर वेल चढवून ती केळीच्या सोपटानें बांधतो. लोखंडी खांब व तारा येण्यापूर्वीं नाशिककडे द्राक्षाच्या वेली पांगाऱ्यावर चढवीत असत. ज्या पिकाला आधार लागतो त्याचा आधार आधीं लावावयाचा, हा त्या बागाइतदारांचा साधा नियम होता. टोमॅटो हें अल्पमुदतीचें पीक असल्यामुळें आपण तो नियम सोडला. परंतु पीक चार-पांच महिन्यांचें असलें तरी काठीची गरज दरसालची आहे. आणि जी गरज दरसालची, तिची तजवीज कायमचीच केली पाहिजे.

या कामीं सर्वांत उत्तम झाड म्हणजे बांबू होय. विदर्भाच्या बाजूस मानवेल व कोंकणांत माणगा या जाती आढळतात. दोन्हींचा बांबू बराचसा भरीव, सरळ आणि चिवट असतो. घरच्या बांधावरचा बांबू तोडण्यास व नेण्यास पूर्वीं परवान्याची अडचण असे, कारण १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येंत बांबू वृक्षांत मोडत होता. २०१७ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन वनाबाहेर वाढविलेला बांबू त्या व्याख्येंतून वगळण्यांत आला. तेव्हांपासून मालकीच्या जमिनींतील बांबूपुरती ती अडचण उरलेली नाहीं. इतकें असूनहि बांधावर दोन बेटें लावण्याऐवजीं दर हंगामाला वखारींतून बांबू आणावयाचा, हें काखेंत कळसा आणि गांवाला वळसा यांतलेंच नव्हे काय?

किती बेटें लागतील याचाहि अंदाज घेऊं. चांगलें रुजलेलें बेट पांचव्या-सहाव्या वर्षापासून दरसाल तोडण्याजोगे सहा बांबू देतें असें धरूं, आणि एका बांबूच्या सात फुटी दोन किंवा तीन काठ्या निघतात असें मानूं. म्हणजे एका बेटापासून वर्षाला पंधरा काठ्या झाल्या. नीट वाळवून राखलेली काठी तीन हंगाम टिकली, तर एकराच्या १,४५० काठ्यांपैकीं दरसाल सुमारें ४८० नव्या कराव्या लागतील. त्यांस ३२ बेटें पुरतात. दोन बेटांत १५ फूट अंतर सोडल्यास ही ४८० फुटांची ओळ होते. चौरस चार एकरांच्या शेताची एक बाजू सुमारें ४१७ फूट भरते, म्हणजे एक बाजू व दुसरीचा थोडा भाग एवढ्यांत सारें काम भागतें. ज्याला दहा गुंठेच टोमॅटो करावयाचा आहे, त्याला आठ बेटें बस्स होतात.

बांबू कोठें लावावा याला मात्र महत्त्व आहे. त्याचीं मुळें आसपासची ओल ओढतात व सावलीहि पडते. म्हणून ओढ्याचा कांठ, विहिरीच्या सांडपाण्याची वाट, नाहींतर शेताची उत्तर किंवा पश्चिम कड निवडावी. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडून जात असल्यामुळें उत्तर बांधाची सावली आपल्या पिकावर न पडतां पलीकडे पडते. पलीकडे रस्ता किंवा ओढा असला तर उत्तमच. शेजाऱ्याचें शेत असलें तर आधीं त्याच्याशीं बोलून घ्यावें. काठीसाठीं भाऊबंदकी वाढवूं नये. पीक आणि बेट यांमध्यें दोन फूट खोल चर ठेविल्यास मुळांचा त्रास पुष्कळ कमी होतो.

बेट तोडण्याची रीत अशी. या वर्षाचे व मागील वर्षाचे बांबू राखावे; तीन वर्षांचे झालेले तेवढेच जमिनीलगतच्या पेराच्या वर तोडावे. पावसाळ्यांत नवे कोंब फुटत असतात, तेव्हां बेटाला हात लावूं नये. तोडणी थंडींत करावी. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे पाण्यांत बुडवून ठेवावा, म्हणजे घुणाला आवडणारें त्यांतील पिष्ट बरेंच निघून जातें. मग तो सावलींत उभा करून वाळवावा. काठी कापतांना वरचें टोक पेराच्या सांध्याच्या लगेच वर कापावें, नाहींतर पोकळींत पाणी सांचून ती कुजते. जमिनींत जाणारें टोक विस्तवावर काळें होईपर्यंत भाजून त्याला डांबर लावावें.

बेटें तयार होईपर्यंत काय करावें, असा प्रश्न कोणी विचारील. त्या मधल्या चार-पांच वर्षांसाठीं शेवरी आहे. पाटाच्या कडेनें जूनमध्यें शेवरीचें बीं दाट पेरलें, तर पुढील हंगामापर्यंत तिच्या उंच, सरळ काठ्या होतात. तिचा पाला जनावरें खातात व तिच्या मुळांनीं जमिनीला नत्र मिळतें. लांकूड मऊ असल्यामुळें ती एकच हंगाम टिकते. तेवढ्याच हिशेबानें ती वापरावी. ओळींच्या टोकांस बाभळीचे खांब घालावे. गिरिपुष्पाचा ओला खांब रोवला तर तो फुटतो व जिवंत खांबाचें काम देतो, पण तो एकाच जागीं राहणार हें लक्षांत ठेवावें. निरगुडीच्या व सुबाभळीच्या काठ्या लहान वाफ्यांना चालतात. तुरीच्या काठ्या ठिसूळ असतात, परसापुरत्या त्या बऱ्या. कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र कोणी वापरूं नयेत. त्या आंखूड तर असतातच, पण त्यांतील उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते, आणि काठ्या म्हणून पऱ्हाट्या साठविणें म्हणजे पुढील वर्षाच्या कपाशीचा शत्रु घरीं पोसणें आहे.

आतां उभारणी. पुनर्लागणीपासून तीन आठवड्यांच्या आंत काठ्या रोवून झाल्या पाहिजेत. उशिरां रोवल्यास पसरलेलीं मुळें तुटतात. काठी बुंध्यापासून चार बोटें दूर, दीड फूट खोल रोवावी. ओळींच्या टोकांचे खांब बाहेरच्या बाजूस थोडे कलते ठेवून त्यांना जमिनींत पुरलेल्या दगडाचा ताण द्यावा. सारी ताटी पडते ती मधल्या काठीमुळें नव्हे, तर टोकाचा खांब ढिला राहिल्यामुळें. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेचा व नैर्ऋत्येचा; जमिनीचा उतार आड येत नसेल तर ओळी वाऱ्याच्या दिशेनें धराव्या, म्हणजे भरलेली ताटी शिडासारखी वाऱ्याला अडत नाहीं. बुटक्या जातीला तारेची गरजच नाहीं. काठीकाठीला वेढा देत ओळीच्या दोन्ही अंगांनीं दोरी न्यावी, व झाडें जसजशीं वाढतील तसतसे दर वीतभर उंचीवर नवे पदर घालावे. झाडें त्या दोन पदरांत धरून राहतात. उंच जातीला माथ्यावर एक तार घेऊन तिच्यापासून प्रत्येक झाडाला एक दोरी सोडावी. परसांतील दहा-वीस झाडांना तीन काठ्यांचें तिकाटणें पुरे. गांवांत बुरूड असेल तर त्याच्याकडून कामट्यांच्या उंच, विरळ विणीच्या करंड्या करून घ्याव्या. झाडाभोंवतीं ती उभी केली कीं बांधणीचें कामच उरत नाहीं, व गांवच्या कारागिराला चार दिवसांचें काम मिळतें.

झाड बांधतांना दोरी काठीला आवळावी, पण खोडाभोंवतीं सैल ठेवावी. करंगळी सहज जाईल एवढी जागा असावी. काठी व खोड यांमध्यें दोरीला एक पीळ द्यावा, म्हणजे वाऱ्यानें खोड काठीवर घासत नाहीं. गांठ पानाच्या देठाखालीं यावी, फळांच्या घोसाखालीं कधींहि येऊं नये. उन्हाळी पिकांत झाड मोकळें करण्याच्या भरांत पाला फार काढूं नये. उघड्या फळावर उन्हाचे पांढुरके चट्टे पडतात व तें बाजारांत नापसंत ठरतें.

दोरीविषयीं दोन शब्द वेगळे लिहिले पाहिजेत. प्लॅस्टिकची दोरी स्वस्त व टिकाऊ असते म्हणून ती सर्वत्र शिरली आहे. परंतु पीक निघाल्यावर ती वेलींच्या जंजाळांत अडकून शेतांत राहते. जाळली तर घाण धूर होतो. नांगरली तर वर्षानुवर्षें कुजत नाहीं. मोकळें सोडलेलें जनावर पाल्याबरोबर ती गिळतें, आणि मग गुरांच्या दवाखान्याची वाट धरावी लागते. आपल्या बांधावर घायपात वाढतें, अंबाडीचा वाख निघतो, केळीचें सोपट फुकट मिळतें. वाळलेलें सोपट पाण्यांत भिजवून वापरलें तर खोडाला कापीत नाहीं. पदर घालण्यासाठीं तागाची सुतळी विकत घेतली तरी चालेल. ती निदान मातींत कुजून जाते. घरीं वाख वळणें उन्हाळ्याच्या रिकाम्या दुपारचें काम आहे, आणि तें एके काळीं घरोघर होत असे.

या मताविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, ते पोकळ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. पहिला आक्षेप मजुरीचा. काठ्या तोडणें, भिजविणें, भाजणें यास माणसें लागतात, आणि आज माणूस महाग आहे. हें खरें, परंतु हें काम थंडींतील व उन्हाळ्यांतील सवडीच्या दिवसांचें आहे, ऐन लागणीच्या घाईंतील नव्हे. सवडीच्या दिवसाची घरची मेहनत आणि हंगामाच्या तोंडावरची उसनवारी यांची किंमत सारखी नसते. दुसरा आक्षेप मुदतीचा: बांबू पांच वर्षांनीं मिळणार, टोमॅटो यंदा लावावयाचा. त्याचें उत्तर शेवरीनें दिलेंच आहे. आणि पांच वर्षांपूर्वीं ज्यांनीं हेंच कारण सांगून बेटें लावलीं नाहींत, ते आजहि काठ्या विकतच आणीत आहेत. तिसरा आक्षेप मोठ्या मळेवाल्यांचा. पांच-दहा एकर टोमॅटो करणारास घरची काठी पुरणार नाहीं, त्याला लोखंडी खांब व तारच बरी. अशा मळेवाल्याशीं आमचा वाद नाहीं. लोखंड एकदां घेतलें तर पुष्कळ वर्षें टिकतें. पण ज्याचें पीक अर्ध्या-एक एकराचें आहे, त्यानें मोठ्या मळ्याचें अनुकरण कर्ज काढून करूं नये. चौथा आक्षेप खंडानें जमीन करणाऱ्याचा, व तो सर्वांत वजनदार आहे. दुसऱ्याच्या बांधावर पांच वर्षांचें झाड तो कां लावील? येथें जमीनमालकानें स्वतः बेट लावून काठीचा हक्क खंडाच्या बोलीत घालावा, हाच न्याय्य मार्ग दिसतो.

एक सावधगिरी मात्र घरची काठी वापरणाऱ्यानें अवश्य पाळावी, नाहींतर काटकसरीचें नुकसान होईल. जुन्या काठीला चिकटलेल्या वाळल्या पाल्यांत करपा व कांहीं विषाणुरोग पुढील हंगामापर्यंत टिकतात. म्हणून पीक निघतांच काठ्या उपटून, पाला खरवडून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानें धुवाव्या, कडक उन्हांत वाळवाव्या आणि छपराखालीं जमिनीपासून उंच रचून ठेवाव्या. तंबाखू मळणाऱ्यानें हात साबणानें धुतल्यावांचून झाडें बांधूं नयेत, कारण तंबाखूंतील विषाणु हातानें टोमॅटोवर जातो. टोमॅटो त्याच जागेंत पुनः पुनः घेऊं नये. वांगें, मिरची, बटाटा हे त्याचेच भाऊबंद असल्यामुळें तेहि त्याच्यामागें लगेच नकोत. टोमॅटो संपला कीं त्याच उभ्या ताटीवर दोडका, कारलें किंवा काकडी चढवावी. एकदां उभारलेल्या आधारावर दोन पिकें निघालीं, तर प्रत्येक पिकाच्या वांट्याला येणारा आधाराचा खर्च निम्मा होतो.

गांवोगांवच्या शेतकरी मंडळांनीं व सहकारी सोसायट्यांनींहि या कामीं थोडें लक्ष घालावें. चांगल्या जातीच्या बांबूची व शेवरीची रोपें पावसाळ्याच्या तोंडावर सभासदांस पुरवावीं. तार ताणण्याचें यंत्र व काठी रोवण्याची पहार यांसारखीं अवजारें सामायिक ठेवावीं. गांवाच्या ओढ्याकांठीं सामायिक बेटें लावून ज्यांना बांध नाहीं त्यांना काठ्या बेताच्या दरानें द्याव्या. या कामास मोठें भांडवल लागत नाहीं. एक पावसाळा चुकवूं नये, एवढाच त्यांत मुद्दा आहे.

शेतकऱ्याचें स्वातंत्र्य हा शब्द आपण सभांतून पुष्कळ ऐकतों. तें एकाएकीं येत नसतें. शेताला लागणाऱ्या दहा वस्तूंपैकीं एक वस्तु घरची झाली, म्हणजे बाजाराच्या दारीं जाण्याचें एक कारण कमी झालें. टोमॅटोला उभें राहण्यास दुसऱ्याचा आधार लागतो, ती त्याची जात आहे. त्यासाठीं तो लावणाऱ्यानेंहि दुसऱ्याच्या आधारावर राहिलें पाहिजे असें नाहीं. येत्या मृगाच्या पावसावर ज्याच्या त्याच्या बांधाच्या सोईप्रमाणें निदान दोन बेटें आणि पाटाच्या कडेला मूठभर शेवरीचें बीं पडावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.